साहसकथा ऐकायच्या असतील तर ऐतिहासिक निवडाव्यात की अद्भुतरम्य?

प्रश्नकर्त्याने असे विचारले आहे की, नोकरीसाठी रोज बसने बराच प्रवास करावा लागतो, निवांत वाचायला वेळ उरत नाही, म्हणून ऑडिओबुके ऐकायची आहेत. तर ऐतिहासिक कादंबऱ्या निवडाव्यात की अद्भुतरम्य साहसकथा, आणि आरंभ कशाने करावा. माझे मत सरळ आहे. ऐकायच्याच असतील तर अद्भुतरम्य कथा ऐकाव्यात. ऐतिहासिक कादंबरी, निदान पहिल्या वेळी तरी, डोळ्यांनीच वाचावी. ऐतिहासिक ऐकले म्हणजे ज्ञानात भर पडते आणि अद्भुत ऐकले म्हणजे वेळ वाया जातो, हा समज आमच्या जळगाव जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक लग्नमांडवात मला ऐकवला जातो. तो मला मुळीच मान्य नाही, आणि या प्रश्नाने नेमके तिथेच बोट ठेवल्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी रावेर-यावल पट्ट्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी रात्रीचे वाचन बंद करायला लावले. घरची थोडी केळीची बाग आहे. रात्रीच्या पाळीची लाइट असली की पाण्याच्या मोटारीजवळ जागे राहावेच लागते, आणि तेव्हापासून मी कानाने वाचू लागलो. २०१७ मध्ये ऑडिओबुके ऐकवणारे स्टोरीटेल हे ॲप भारतात आले, मराठी पुस्तके हवी तितकी ऐकायला मिळू लागली, आणि माझ्यासारख्या माणसाच्या रात्री त्यामुळे सुसह्य झाल्या, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. म्हणजे ऑडिओबुकांशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते ऐकलेल्या ऐतिहासिक कादंबरीलाच इतिहास मानणाऱ्या श्रोत्याशी, आणि त्या श्रोत्यांत माझे साडूभाऊ अग्रगण्य आहेत.

ग्रंथपालाला पुस्तक हाती आले की आधी प्रस्तावना आणि मग शेवटची पाने चाळण्याची खोड असते. ऐतिहासिक कादंबरीत याच दोन जागी लेखक प्रामाणिक असतो. कोणते पात्र आपण कल्पिले, कोणता प्रसंग बखरीतून घेतला, कोणते पत्र जसेच्या तसे उतरवले, कुठे कालक्रम बदलला, हे तो तिथे सांगून टाकतो. छापील पानावर पत्राचा मजकूर वेगळ्या टाइपात किंवा समास सोडून येतो, तळटीप असते, संदर्भांची यादी असते, आणि शंका आली तर वाचक दहा पाने मागे उलटू शकतो. ध्वनिमुद्रणात हे सगळे एकाच सुरात विरघळते. मूळ पत्रातले वाक्य आणि लेखकाने रात्री जागून रचलेले वाक्य, दोन्ही त्याच भारदस्त आवाजात येतात, पाठीमागे तोच नगारा वाजतो, आणि श्रोत्याला त्यांतला सांधा कळण्याचा काही मार्गच राहत नाही. अनेक ठिकाणी तर प्रस्तावना वाचलीच जात नाही. कथा थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू होते.

याचा अनुभव मला आसीरगडावर आला. रावेरहून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाने निघाले की बऱ्हाणपूर जवळच आहे, आणि तिथून खंडव्याच्या रस्त्याला सातपुड्यात आसीरगड लागतो. आज हा भाग मध्य प्रदेशात असला तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर होती आणि त्या राज्याचा खरा जीव आसीरगडात होता, त्यामुळे आम्ही खानदेशी माणसे तिकडे परमुलखात गेल्यासारखी जात नाही. साडूभाऊंनी नवी गाडी घेतली होती. दोन्ही कुटुंबे त्या गाडीतून निघाली आणि सावद्यापासून गडाच्या पायथ्यापर्यंत गाडीत एक ऐतिहासिक ऑडिओबुक मोठ्या आवाजात चालू होते. विषय अकबराने आसीरगडाला घातलेल्या वेढ्याचा होता. अकबर, बहादूरशाह फारुकी, उपाशी सैनिक, तोफांचे आवाज, आणि शेवटी बादशहा व सुलतान समोरासमोर येतात तेव्हाचा एक लांबलचक, टाळ्या घेणारा संवाद. वाचणारा कसलेला नट असावा. मागच्या सीटवरच्या मुलांनीही मोबाइल खाली ठेवले होते, हे मान्य केले पाहिजे.

गडावर महादेवाचे मंदिर आहे. अश्वत्थामा अजूनही तिथे येतो, रोज पहाटे पिंडीवर ताजे फूल वाहून जातो, आणि तो कोणाला दिसत नाही, अशी त्या मुलखात सर्वतोमुखी असलेली कथा आहे. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती आम्हांला सांगितली आणि मला ती फार आवडली. कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगे भटकणारा योद्धा आणि सातपुड्यातला एक ओसाड किल्ला, यांची सांगड ज्याने प्रथम घातली, त्याची कल्पनाशक्ती मोठीच म्हणायची. साडूभाऊ मात्र मोठ्याने हसले, असल्या अंधश्रद्धांमुळेच देश मागे राहिला, असे म्हणाले, आणि त्याच दमात समोर जमलेल्या पर्यटकांना वेढ्याचा इतिहास सांगू लागले. तो इतिहास म्हणजे गाडीत ऐकलेला संवाद होता, शब्दशः, नटाच्या हेलासकट.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारले की, हा संवाद कोणत्या तवारिखेत, म्हणजे जुन्या फारसी इतिहासग्रंथात, आहे? ते म्हणाले, "पाव्हणे, एवढं मोठं पुस्तक आहे, त्यांनी अभ्यास केल्याशिवाय का म्हटलं असेल?" या उत्तराला माझ्याकडे तेव्हाही इलाज नव्हता आणि आजही नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, अकबर १६०० मध्ये बऱ्हाणपुरास आला आणि जानेवारी १६०१ मध्ये आसीरगड त्याच्या हाती पडला, येथपर्यंत वाद नाही. परंतु किल्ला पडला कसा, याचे दोन निराळे वृत्तान्त आहेत. दरबारी फारसी लेखक किल्ल्यात पसरलेली रोगराई आणि त्यानंतरची शरणागती यांवर भर देतात. अकबराबरोबर असलेल्या जेरोम झेवियर या जेझुइट पाद्र्याच्या पत्रांवर आधारलेला वृत्तान्त अगदी वेगळे सांगतो. त्याच्या मते, सुरक्षित परत जाऊ देण्याची शपथ देऊन बहादूरशाहाला बाहेर बोलावले आणि अडकवून ठेवले, आणि दरवाजे शेवटी तोफांनी उघडले नाहीत, किल्लेदारांना चारलेल्या सोन्याने उघडले. इतिहासकार यावर पुष्कळ भांडले आहेत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल स्वतः त्या मोहिमेत होता, पण तो बादशहाचा माणूस. पाद्री साक्षीदार होता, पण त्याचेही हेतू होते. कादंबरीकाराला यांतला एक वृत्तान्त निवडावाच लागतो आणि तो त्याचा अधिकार आहे. मात्र आपण निवड केली आहे हे वाचकाला कळले पाहिजे, आणि गाडीतल्या स्पीकरमधून ते कळत नाही.

आता गंमत पाहा. ज्या कथेला साडूभाऊ हसले, ती कोणाचीच दिशाभूल करत नव्हती. अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकणारा श्रद्धेने हात जोडतो किंवा मान हलवून पुढे जातो, पण तिचा हवाला देऊन कोणी शिवजयंतीच्या किंवा शाळेतल्या भाषणात तारखा सांगत नाही. अद्भुतकथा आपण कल्पित आहोत हे पहिल्या वाक्यापासून कबूल करते. आम्ही खानदेशी लोकांनी तरी ऐतिहासिक पुराव्याच्या बाबतीत हलगर्जी करू नये, अशी माझी अपेक्षा आहे, कारण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे दप्तर आमच्या धुळ्यात आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या आणि बखरकारांच्या चुका एकेक करून काढल्या. जिथे बखरीलाही जाब द्यावा लागला, तिथे कादंबरीला आणि तिच्याही ध्वनिमुद्रणाला सूट कशी द्यावी?

साडूभाऊंनी नंतर एक चांगला मुद्दा काढला, तो येथे सांगणे न्यायाचे होईल. ते म्हणाले की, अकबराला स्वतःला वाचता येत नव्हते, तो सगळी पुस्तके ऐकतच असे, इतिहाससुद्धा. मग त्याचे काय बिघडले? हे खरे आहे. जहांगीराने बापाच्या निरक्षरतेचा उल्लेख केला आहे, आणि अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात असे वर्णन आहे की, दरबारात बादशहाला रोज ग्रंथ वाचून दाखवले जात, वाचक जिथे थांबे तिथे तो स्वतःच्या लेखणीने खूण करी आणि वाचलेल्या पानांच्या हिशेबाने वाचकाला रोख बक्षीस देई. परंतु तिथे वाचणारा माणूस जिवंत समोर बसलेला होता. त्याला थांबवता येत होते, हे कुठून आणलेस असे विचारता येत होते, आणि दुसऱ्या जाणकाराला बोलावून खात्री करून घेता येत होती. फोनमध्ये फक्त तीस सेकंद मागे जाण्याचे बटण असते. शिवाय याच बादशहाला अमीर हमजाच्या अद्भुत साहसकथांचे वेड होते. जिन्न, राक्षस, तिलिस्म आणि मायावी किल्ले यांनी भरलेला 'हमजानामा' त्याने तरुणपणी चित्रित करवून घेतला. सुमारे १,४०० मोठी चित्रे कापडावर रंगवली गेली, त्या कामाला पंधराएक वर्षे लागली, आणि मजकूर चित्रांच्या पाठीमागे लिहिला गेला. चित्र श्रोत्यांसमोर धरून पाठीमागचा मजकूर मोठ्याने वाचण्यासाठी ही योजना असावी, असे अभ्यासक मानतात. ज्याने आसीरगड खरोखर जिंकला, त्याला मायावी किल्ल्यांच्या गोष्टी ऐकताना कमीपणा वाटला नाही. आमच्या साडूभाऊंना मात्र वाटतो.

आवाजाविषयीही थोडे स्पष्ट लिहितो. वाचणाऱ्याने नाटक करू नये. एका माणसाने एका सुरात, विरामचिन्हांचा मान राखून वाचलेली कथा तासन्‌तास ऐकवते. प्रत्येक पात्राला वेगळा घसा लावणारा वाचक मला पहिल्या प्रकरणातच थकवतो, आणि स्त्रीपात्र आले की किनरा आवाज काढणाऱ्याला तर मी लगेच बंद करतो. पार्श्वसंगीत फक्त प्रकरण बदलताना असावे. श्रुतिका ऐकायची असेल तर आकाशवाणीने ते काम पुष्कळ चांगले केले आहे, पुस्तकाला श्रुतिका करू नये. दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांविषयी मी येथे काही लिहीत नाही, कारण घरातलीच नावे निघतील.

अद्भुतकथांचीही एक अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. अलीकडच्या लांबलचक अद्भुत मालिकांत कल्पित राज्ये आणि विचित्र नावे इतकी असतात की, सुरुवातीचा नकाशा समोर नसेल तर तिसऱ्या प्रकरणात कोण कोणाचा भाचा ते कळेनासे होते. म्हणून ऐकण्यासाठी जुनी, एका नायकाच्या मागे सरळ चालणारी कथा बरी. नाथमाधव (१८८२–१९२८) या दृष्टीने मला फार सोयीचे वाटतात. सिंहगडावरून पडून ते कमरेखाली लुळे झाले आणि नंतरचे लेखन त्यांनी त्याच अवस्थेत केले. त्यांनी 'वीरधवल'सारखी निखळ अद्भुतरम्य कादंबरीही लिहिली आणि शिवकाळावर ऐतिहासिक मालिकाही लिहिली. एकाच हाताची दोन्ही प्रकारची कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मी काय म्हणतो ते तुम्हांला माझ्याशिवाय कळेल. ऐतिहासिकच ऐकायचे असा हट्ट असेल, तर हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' घ्यावी. ती १८९५ ते १८९७ या काळात 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, त्यामुळे तिची प्रकरणे आठवडाभर वाट पाहायला लावतील अशी बेतलेली आहेत, आणि लेखक मध्येच थांबून वाचकाशी बोलतो, तेव्हा कोणीतरी आपल्याला गोष्ट सांगत आहे याचा विसर पडत नाही. बसच्या प्रवासाला असे तुकडे चांगले जमतात. या दोन्ही लेखकांची भाषा आज जुनी वाटेल. पहिला तास तिला द्यावा लागतो.

ज्यांना दिसत नाही, किंवा ज्यांना छापील अक्षर वाचवतच नाही, त्यांना माझा हा नियम लागू नाही, हे वेगळे सांगायला नको. मी स्वतः दिवसा उजेडात जेवढे वाचवते तेवढे इतिहासासाठी राखून ठेवतो आणि रात्रीच्या मोटारीला अद्भुत ऐकतो, इतकेच. काही निर्माते लेखकाचे निवेदन आणि संदर्भटीपा आवर्जून वाचून घेतात. अशी ऐतिहासिक ऑडिओबुके खुशाल ऐकावीत. विकत घेण्यापूर्वी प्रकरणांची यादी उघडून पाहावी. 'प्रस्तावना' किंवा 'लेखकाचे मनोगत' असे शीर्षक तिथे दिसले नाही, तर ते पुस्तक वाचनालयातून आणून निदान तेवढी पाने वाचावीत. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी अजूनही फार नसते. आणि एखाद्या कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून कोणी तुम्हांला ऐकवला, तर त्याला अगदी नम्रपणे मूळ कागद विचारावा. माझ्या साडूभाऊंना मी तो विचारला, तेव्हापासून लग्नकार्यात ते माझ्या पंगतीला बसत नाहीत. पण कागद काही अजून आलेला नाही.