आजार अर्जात लिहावा का?

प्रश्न : मला क्रोन्स हा आतड्यांचा जुनाट आजार आहे. गेल्या वर्षी तो बळावला, दोनदा रुग्णालयात राहावे लागले आणि गुण एकदम घसरले. आता विद्यापीठांत प्रवेशासाठी अर्ज करायचे आहेत. आई म्हणते, आजाराचा शब्दही काढू नकोस, आजारी मुलीला कोण घेईल? वर्गशिक्षिका म्हणतात, सगळे सविस्तर लिही. अर्जात ‘दिव्यांगत्व’ असा रकाना आहे, पण मी स्वतःला दिव्यांग समजत नाही. तिथे खूण करणे मला खोटेपणाचे वाटते. मी काय करावे?

उत्तर : प्रिय मैत्रिणी,

आईची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आजाराचे नाव वाचताच उमेदवाराविषयी मत बनवून मोकळी होणारी माणसे असतात. परंतु मौनाचाही तोटा तुलाच होईल, कारण ज्याला तुझ्या घसरलेल्या गुणांचे कारण ठाऊक नाही तो ते स्वतःच ठरवेल, आणि बहुधा आळस हेच कारण त्याला सुचेल. तेव्हा आजार सांगावा, मात्र ज्याला जेवढे लागते तेवढेच सांगावे, असे माझे मत आहे.

प्रवेश समितीला तुझ्या गुणांचा अर्थ लावायचा असतो. तिच्यासाठी दोन-तीन वाक्ये पुरेत : ‘गेल्या शैक्षणिक वर्षात क्रोन्स या आजारामुळे मला दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या काळातील अनुपस्थितीचा परिणाम माझ्या गुणांवर झाला. सध्या उपचार सुरू आहेत.’ आजार आता आटोक्यात असेल, तर तेही लिही. नसेल, तर उगाच तसे भासवू नकोस. यापुढचे निवेदन तुला कोणता विषय शिकायचा आहे आणि का, याविषयीच असू दे. दुखण्याची कहाणी लिहून सहानुभूती मिळेलही, पण विषयाची ओढ दाखवायची जागा तेवढ्यासाठी खर्ची पडेल. वर्गशिक्षिकांना सविस्तर लिहिलेले हवे असेल, तर आजारामुळे किती अभ्यास बुडाला आणि तो तू कसा भरून काढलास हे त्यांनीच शिफारसपत्रात लिहावे; तुझ्यापेक्षा त्यांच्या शब्दांना तिथे अधिक वजन राहील.

रकान्याविषयीचा तुझा संकोच मला समजतो, पण पटत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, दीर्घकालीन शारीरिक व्याधी आणि भोवतीचे अडथळे मिळून ज्यांच्या सहभागात बाधा येते, अशांचाही विचार केलेला आहे. त्याच्या 24व्या कलमानुसार उच्च शिक्षणातही वाजवी सोयी मिळायला हव्यात. प्रत्येक देशाचे आणि विद्यापीठाचे निकष निराळे असतात, म्हणून त्या रकान्याखालची व्याख्या नीट वाच आणि तुझी स्थिती तिच्यात बसत असेल, तर निःशंकपणे खूण कर. स्वतःला कोण म्हणवून घ्यायचे हा प्रश्न त्या खुणेने सुटत नाही, आणि तो तिथे सोडवायचाही नाही.

खरे सविस्तर बोलायचे ते विद्यार्थी सहाय्य विभागाशी, आणि तेही शक्य तर अर्जाची मुदत संपण्यापूर्वी. तिथे लाजू नकोस. परीक्षेत अर्धा तास जादा मिळाला, पण त्यातला बराचसा वेळ स्वच्छतागृहात गेला, तर त्या सवलतीचा तुला फारसा उपयोग नाही. तुला हवी आहे ती बाहेर जाताना घड्याळ थांबवण्याची मुभा आणि दाराजवळची जागा. वसतिगृहात स्वतंत्र स्वच्छतागृह असलेली खोली मिळेल का, तुझ्या इंजेक्शनांना 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागत असेल तर शीतकपाटाची सोय होईल का, आणि दर आठ आठवड्यांनी शिरेवाटे औषध घ्यावे लागत असेल तर त्या दिवसाची गैरहजेरी कशी धरली जाईल, हे आधीच विचारून घे. दीर्घ प्रयोगशाळा सत्रे आणि अभ्यासदौरे असलेल्या शाखांविषयी तर नक्कीच विचार. आजार पुन्हा उसळला तर वर्ष पुढे ढकलता येते का, हा प्रश्नही आताच विचारण्याचा आहे, तेव्हाचा नव्हे. या चौकशीला कोण कसे उत्तर देते यावरूनही विद्यापीठे पारखता येतात : ‘आल्यावर बघू’ असे कळवणाऱ्या विद्यापीठाला मी तरी यादीत खाली ढकलीन.

डॉक्टरांकडे प्रमाणपत्र आजच माग, कारण तज्ज्ञांची पत्रे लवकर हाती येत नाहीत. केवळ निदानाचे नाव फारसे कामाचे नाही. थकवा, अचानक उद्भवणारी शौचाची निकड आणि आजाराचे चढउतार यांचा अभ्यासावर काय परिणाम होतो, हे त्यात स्पष्ट लिहून घे. प्रवेश निश्चित झाल्यावर मान्य झालेल्या सोयी लेखी माग, आणि दुसऱ्या गावी जाणार असशील तर तिथल्या पोटविकारतज्ज्ञांकडे तुझे कागद सत्र सुरू होण्यापूर्वी पोहोचतील असे पाहा, म्हणजे औषधाचा एकही डोस चुकणार नाही.