डाव्या पायाचं काय?

प्रिय पोरा,

तुझा मेसेज मिळाला. सहा मॅच झाल्या, एक गोल नाही, आणि चहाच्या गाड्यावर माणसं तुला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. बोलणारच. कोल्हापुरात फॉरवर्डची कीव कुणी करत नाही, पहिल्यापासूनची रीत आहे ती.

तुझ्यासारखाच एक फॉरवर्ड, दिएगो फोर्लान, २०१६ ला मुंबई सिटी क्लबकडून खेळला. पुतण्याकडे उतरून मी अंधेरीला केरळा ब्लास्टर्सची मॅच बघितली. ५-० झाली, त्यात तीन गोल ह्या उरुग्वेच्या माणसाचे. वय ३७. पळण्यात पोरं त्याला मागं टाकत होती, पण बॉल पडायच्या जागी हा आधीच पोचलेला! (पुढं कोलकात्यात सेमीफायनलला रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. तेवढं उचलू नकोस.)

त्याच्या घरात फुटबॉल पिढीजात. वडील पाब्लो दोन वर्ल्डकप खेळलेले, आईचे वडील उरुग्वेचे प्रशिक्षक. तरी पोराचा जीव टेनिसमध्ये. १९९१ मध्ये बहिणीला मोटार अपघात झाला, तिच्या पायातली ताकद कायमची गेली. हा तेव्हा बारा वर्षांचा. औषधपाण्याला पैसा लागणार, म्हणून फुटबॉलच धरायचा, असं त्यानं ठरवलं.

जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला अर्जेंटिनातून आणलं. पहिला गोल सप्टेंबरात पडला, तोही पेनल्टीवर. मधे २७ मॅच कोरड्या. तुझ्या किती म्हणालास?

आता नीट वाच. २००४ मध्ये तो स्पेनला व्हियारेआलला गेला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल. युरोपचा गोल्डन शू, म्हणजे लीगमधल्या गोलांसाठीचं बक्षीस, त्याला थिएरी हेन्रीबरोबर मिळाला. पाय तेच होते. युनायटेडमध्ये बऱ्याचदा शेवटची काही मिनिटं मिळायची. इथं दर आठवड्याला सुरुवातीपासून खेळायला मिळालं, आणि मागून रिकेल्मेसारखा कसलेला मिडफिल्डर बॉल सोडत होता. म्हणून तू आधी तुझ्या मिडफिल्डरशी बोल. तू कुठं पळणार हे त्याला ठाऊक आहे का? मला तर वाटतं, तुम्ही दोघं ग्राउंडबाहेर एकमेकांशी बोलतच नाही.

दुसरी गोष्ट पायाची. फोर्लान दोन्ही पायांनी सारखाच मारायचा. त्यामुळं डिफेंडरची पंचाईत व्हायची, कुठली बाजू बंद करायची हेच कळेना. तुझ्या बाबतीत मात्र सगळ्या गावाला माहीत आहे की हा बॉल उजव्यावर घेणार. तेवढ्या अर्ध्या सेकंदात तुझा फटका अडतो. नशिबाचा काही संबंध नाही त्यात.

२०१० च्या वर्ल्डकपात त्यानं पाच गोल केले, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल घेतला. तिसऱ्या जागेच्या मॅचला जर्मनीविरुद्ध २-३ असताना शेवटची फ्री किक त्यानं घेतली, ती बारवर आदळली. त्यानंतर देशासाठी वर्षभर गोल नाही. वर्ल्डकपातला सर्वोत्तम ठरलेला माणूस, बरं का! मग जुलै २०११ मध्ये कोपा अमेरिका ह्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या फायनलला पॅराग्वेवर दोन ठोकले.

रविवारी सकाळी सहाला ग्राउंडवर ये. उजव्या पायात बूट घाल हवं तर, पण बॉलला तो पाय लावायचा नाही.

तुझा,
काका