व्हिडिओ बघायचं व्हीएलसी पण फुकट, पीडीएफ वाचायचं ॲक्रोबॅट रीडर पण फुकट, मग ओपन सोर्स फक्त व्हीएलसीच कसं?

कारण ओपन सोर्सचा पैशाशी थेट संबंधच नाहीये. मराठीत खरं तर हा घोळ व्हायला नको, आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हीला फ्रीच म्हणतात आणि तिथूनच सगळी बोंब सुरू होते.

ॲक्रोबॅट रीडर फ्रीवेअर आहे, म्हणजे नुसतं फुकट. वापरा, पण आतला कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यात लिहिलाय तो मजकूर, बघायचा नाही, बदलायचा नाही, आणि कंपनीने उद्या बंद करायचं ठरवलं तर विषय संपला. त्यात काही फ्रीवेअर फक्त घरगुती वापरापुरतंच फुकट असतं, फोटो बघायचं इरफानव्ह्यू तसंच आहे, ऑफिसात वापरायचं तर लायसन्स विकत घ्यावं लागतं. मीही असंच एक टूल ऑफिसच्या मशीनवर टाकलं होतं, अटी न वाचता नेक्स्ट नेक्स्ट करत, आणि मग आयटीवाल्यांनी सगळ्यांसमोर काढायला लावलं.

व्हीएलसीचा सोर्स कोड मात्र कोणीही घेऊ शकतं, वाचू शकतं, बदलून वाटू शकतं, आणि ही परवानगी लायसन्समध्ये लेखी आहे. विकूसुद्धा शकतं बरं का! याचा उपयोग कुठे होतो बघा, ओपनऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं ओपन सोर्स पॅकेज ओरॅकल कंपनीकडे गेलं तेव्हा २०१० मध्ये बरीच डेव्हलपर मंडळी तोच कोड घेऊन बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस काढलं, नाव तेवढं बदलावं लागलं. फ्रीवेअरच्या बाबतीत हे शक्यच नाही.

ओपन सोर्स लायसन्समध्येही प्रकार आहेत, एमआयटी आणि जीपीएल हे त्यातले दोन. एमआयटीवाला म्हणतो काय हवं ते कर, फक्त माझी कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर सोबत राहू दे. जीपीएलवाला जरा खट आहे, बदल करून दुसऱ्याला दिलंस तर सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यायचा, पण स्वतःपुरतं वापरत असाल तर कोणाला काही द्यायची सक्ती नाही, हे बरेच जण विसरतात आणि उगाच घाबरतात.

आणि हो, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, कोड दिसतोय म्हणजे तो ओपन सोर्स असंही समजू नका. सोबत लायसन्स दिलेलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. प्रोजेक्टसाठी कुठून कोड उचलणार असाल तर आधी लायसन्सची फाइल उघडून बघा, एमआयटीचं तर जेमतेम तीन परिच्छेदांचं असतं, दोन मिनिटांत वाचून होतं.