वडील १९६६ साली पुण्याहून अमेरिकेला शिकायला गेले, तेव्हा डॉलर किती रुपयांना होता?

महिना कोणता ते आधी बघा, कारण त्या एकाच वर्षात दोन भाव आहेत. ५ जूनपर्यंत डॉलर ४.७६ रुपयांना होता. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर थेट ७.५० रुपयांचा झाला. म्हणजे १,००० डॉलर फी मे महिन्यात भरली असेल तर ४,७६० रुपये, आणि जुलैत भरली असेल तर ७,५००. घरात बँकेची जुनी पावती असेल तर तिच्यावरची तारीख तेवढी बघा.

तेव्हा भाव सरकार ठरवायचं, आजच्यासारखा रोज हलत नसे. ४.७६ चा भाव तर सप्टेंबर १९४९ पासून तसाच होता.

आणि हो, ‘४७ साली एक रुपयाला एक डॉलर मिळायचा’ हे पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर कोणीतरी ठासून सांगतंच. साफ खोटं! तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता: पौंड १३.३३ रुपयांना आणि ४.०३ डॉलरला. भागाकार करा, डॉलर साधारण ३.३० रुपयांना पडतो.