जुन्या बलेनोच्या मागच्या बाजूने टकटक आवाज येतो. चारही शॉक बदलावेत की फक्त वरचे माउंट?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००५ची बलेनो सेडान आहे, छोट्या खड्ड्यांवरून हळू जाताना मागून उजवीकडे टकटक होते, गॅरेजवाले चारही शॉक (चाकांचे धक्के शोषणाऱ्या नळ्या) बदला म्हणतात आणि एका मित्राच्या मते फक्त स्ट्रट माउंट गेले आहेत. माउंटच असतील तर घरी बदलता येतील का, असंही विचारलंय.

मला तुमच्या मित्राचं पटतं. पण पाना हातात घेण्याआधी खात्री करा, त्याला एक रुपया लागत नाही. आणि घरी करण्याबद्दल म्हणाल तर स्ट्रट काढणं-बसवणं घरी होतं, स्प्रिंग दाबणं घरी करू नका. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि हे काम मी तिच्यावर केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मारुतीने १९९९ ते २००७ या काळात विकलेल्या या बलेनोला मागेही मॅकफर्सन स्ट्रट आहेत. स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, आणि त्या खांबाचं वरचं टोक बॉडीला ज्या तुकड्याने जोडलेलं असतं तो माउंट. लोखंडी पत्र्याला चिकटवून बसवलेलं जाड रबर, एवढीच त्याची रचना. पुढच्या माउंटमध्ये बेअरिंग असतं, कारण स्टिअरिंगबरोबर पुढचा स्ट्रट फिरतो. मागचा फिरत नाही, म्हणून तिथे बेअरिंगही नाही. त्यामुळे मागचा माउंट गेला की करकर होत नाही, स्टिअरिंग जड होत नाही, नुसता ठोका ऐकू येतो.

हे रबर किलोमीटरपेक्षा वयाने जास्त मरतं. गाडी कमी चालली असली तरी इतक्या वर्षांच्या उन्हा-उष्णतेने ते कडक होतं, चिरतं आणि शेवटी पत्र्यापासून सुटतं. मग शॉकचा दांडा त्या मोकळ्या जागेत वर-खाली आपटतो. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर, डांबराच्या ठिगळांवर आवाज जास्त आणि मोठ्या गतिरोधकावरून सावकाश गेलं तर जवळजवळ नाही, असं होतं ते यामुळेच. शॉक कमजोर झाला असता तर उलट गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा झुलली असती.

आता तपासणी. आधी डिकी पूर्ण रिकामी करा: स्टेपनी, जॅक, टूलकिट, सगळं. मागच्या सीटची पाठ नीट लॉक झाली आहे का पाहा. मग त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारा. सैल जॅकचा आवाज आणि माउंटचा आवाज यांत कान सहज फसतो. टकटक तशीच राहिली तर आतलं ट्रिम आणि कार्पेट बाजूला करून स्ट्रटचं वरचं टोक उघडं करा. एकाने गाडीचा मागचा कोपरा जोरात खाली दाबून सोडायचा, दुसऱ्याने माउंटवर तळहात ठेवायचा. माउंट गेला असेल तर ठोका हाताला स्पष्ट लागतो आणि मधला नट बॉडीच्या तुलनेत हललेला डोळ्यांना दिसतो. डाव्या बाजूलाही हेच करा म्हणजे फरक कळेल.

खाली वाकून शॉकची नळीही पाहा. धूळ कोरडी असेल तर ठीक. तेलाने ओली, चिकट झाली असेल तर शॉक गेलाय, तो बदलावाच लागेल. चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या ट्रेलिंग रॉडचे आणि आडव्या रॉडचे बुश, म्हणजे टोकांतले रबरी तुकडे, हेही पहारीने हलवून बघा, फाटलेला बुश अगदी असाच वाजतो. हे सगळं पाहिल्यावर गॅरेजवाल्यांचा 'चारही बदला' हा सल्ला कितपत खरा ते तुम्हीच ठरवू शकाल. आवाज मागून येत असताना पुढचे दोन शॉक कशासाठी, हे त्यांना जरूर विचारा.

सामान घेताना एक अडचण हमखास येते. २०१५ साली मारुतीने बलेनो हेच नाव एका हॅचबॅकला दिलं आणि तिचं मागचं सस्पेन्शन पूर्ण वेगळं आहे, टॉर्शन बीमचं, म्हणजे दोन्ही मागची चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली. दुकानात नुसतं 'बलेनोचा मागचा माउंट' म्हणालात की समोर नव्या गाडीचा भाग येतो. 'जुनी बलेनो, सेडान, पेट्रोल १.६' असं सांगा, चॅसिस नंबर जवळ ठेवा. शक्य असेल तर काढलेला जुना माउंट दाखवूनच नवा घ्या. पुण्यात नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरायची तयारी ठेवा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं काय काय मिळतं, पण वापरलेला माउंट घेऊ नका. ते रबरही तुमच्या गाडीच्याच वयाचं असतं.

माउंट दोन्ही बाजूंचे घ्या. सोबत बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि मधले नवे लॉकनट. बंप स्टॉप म्हणजे दांड्यावरचा फोमचा ठोकळा, या वयाच्या गाडीत बोटाने दाबला की त्याचा भुगा होतो. हे सगळं शॉकच्या मानाने स्वस्त आहे आणि मजुरी तर तीच लागणार आहे. शॉक कोरडे पण बरेच जुने असतील तर मागची जोडी याच वेळी बदलणं मला योग्य वाटतं, कारण पुढे शॉक बदलायची वेळ आली की हेच सगळं पुन्हा खोलावं लागतं.

आता काम. आदल्या संध्याकाळी खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातली किंवा समुद्राजवळची गाडी असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून मारा, नाहीतर बोल्ट तुटतो आणि अर्धा दिवस जातो. सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागच्या चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग गाडी उचलून बॉडीच्या ठरलेल्या जागी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

चाक काढल्यावर ब्रेकचा होज स्ट्रटला जिथे क्लिपने धरलाय तिथून सोडवा. ड्रमचं वजन त्या होजवर कधीही लटकू देऊ नका, खाली दुसरा जॅक हलकाच टेकवून ठेवा. स्ट्रट जिथे नकलला (चाक ज्या तुकड्यावर बसतं त्याला) जोडलाय तिथले बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर पेंटने खूण करा. मग मदतनीसाला स्ट्रट खालून धरायला सांगून आतून वरचे, बॉडीतले नट काढा. शेवटचा नट निघाला की स्ट्रट वजनाने खाली येतो, म्हणून मदतनीस हवाच.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वर मध्यभागी जो मोठा नट दिसतो त्याला हात लावू नका. तो माउंटला दांड्यावर धरतो आणि त्याच्याच जोरावर दाबलेली स्प्रिंग कैद असते. स्प्रिंग न दाबता तो नट काढला तर माउंट आणि स्प्रिंगची वरची बैठक (सीट) तोंडावर उडू शकतात. याने माणसं गंभीर जखमी होतात. स्प्रिंग दाबायला बाजारात मिळणारे दोन स्वस्त हुकवाले क्लॅम्प मी वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नये असं मनापासून वाटतं, कारण ते घसरतात. पूर्ण स्ट्रट घेऊन ज्या गॅरेजात भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे तिथे रिक्षाने न्या. सुटा स्ट्रट समोर असला की त्यांच्यासाठी हे थोड्या वेळाचं काम आहे.

तिथे उभे राहा आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. उघडण्याआधी माउंट, स्प्रिंग आणि खालचा ब्रॅकेट यांवर एका रेषेत खूण करून घ्या. माउंट थोडा जरी फिरून बसला तरी त्याचे स्टड बॉडीतल्या भोकांत जात नाहीत आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. स्प्रिंगचं टोक सीटमधल्या खाचेत टेकलं पाहिजे. आणि दांडा फिरू नये म्हणून कुणी तो पक्कडीने धरू लागलं तर लगेच थांबवा. चकचकीत दांड्यावर ओरखडा उठला की तो तेलाचं सील कापतो आणि चांगला शॉक महिन्याभरात गळायला लागतो. दांडा वरच्या टोकाला धरण्यासाठी सोय दिलेली असते, तिथेच धरायचा. नवा शॉक असेल तर बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करा, आतली हवा निघते.

बसवताना आधी वरचे नट हातानेच लावा, मग खालचे बोल्ट खुणेवर आणा, आणि त्यानंतर सगळं टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यांवर कसा. रॉडचे बुश सोडवले असतील तर ते मात्र चाकं जमिनीवर आल्यावर, गाडीचं पूर्ण वजन असताना कसायचे. हवेत कसले तर रबर पीळ पडलेल्या अवस्थेतच बसतं आणि लवकर फाटतं.

शेवटचं काम अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं. बहुतेक दुकानांत अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढची दोन चाकं. तुमच्या गाडीचं मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र आहे आणि स्ट्रटचे खालचे बोल्ट सोडवले की मागच्या चाकांचा कोन बदलू शकतो. चारही चाकांची मोजणी करून मागच्या चाकांचे आकडे छापून मागा. थोडे दिवस चालवल्यावर वरचे नट पुन्हा एकदा तपासा. आवाज उरलाच तर आधी मधला नट नीट कसला गेलाय का ते बघा, आणि मग रॉडच्या बुशांकडे वळा.