धनको कोण, ऋणको कोण?

प्रिय मुला,

थेट परकीय गुंतवणुकीतल्या कर्जाचा तुझा तक्ता काल रात्री दोनदा पाहिला. मॉरिशस आणि सायप्रस, शेजारीशेजारी दोन खांब, आणि खाली तुझा प्रश्न: "सर, यात जास्त कर्जबाजारी कोण?" त्या प्रश्नाने झोप उडवली. कारण तोच मी एकदा विचारला होता आणि वर त्याचं उत्तरही छापलं होतं.

अरे, थेट गुंतवणुकीतलं कर्ज म्हणजे घरातल्या घरातली उसनवारी. परदेशी मालकाकडे कंपनीतल्या मतांचा किमान १० टक्के हक्क असला, की त्याने तिला दिलेलं कर्ज, मालाची उधारी, सगळं या रकान्यात. सरकारने काढलेलं कर्ज इथे नाही. दोन संलग्न बँकांमधलं देणंघेणंही नाही. म्हणून खांब काढायच्या आधी विचारायचं: धनको कोण, ऋणको कोण?

एका देशापुढचा उणे आकडा तू 'टायपिंगची चूक' म्हणून खोडलास. इथे मी चिडलो. समजा, मालकाने कंपनीला २०० दिले आणि कंपनीनेच मालकाला ३०० दिले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या थेट गुंतवणुकीच्या सर्वेक्षणात वजाबाकी होऊन उणे १०० राहतात. अख्ख्या तक्त्यातली खरी बातमी तेवढीच होती, आणि तू तीच पुसलीस!

मॉरिशसचंच बघ. भारताशी त्यांचा दुहेरी कर टाळण्याचा करार १९८२चा. तो २०१६ साली बदलला. १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरच्या विक्रीवरचा नफा भारतात करपात्र झाला. पण नव्या कर्जाच्या व्याजावरचा कर ७.५ टक्क्यांवर थांबला. सायप्रसच्या करारात तोच दर १० टक्के. मग भारतात पैसा भांडवल म्हणून धाडायचा की कर्ज म्हणून, हे बेटावरचा कारखानदार ठरवत नाही, कराचा वकील ठरवतो. आणि त्या व्यवहारात मॉरिशस धनको आहे, ऋणको नाही! सायप्रसची तऱ्हा आणखी निराळी. जहाजं बाळगण्यापुरत्या नोंदवलेल्या कंपन्याही तिथल्या हिशोबात धरतात. जहाज तिथल्या लिमासोल बंदराला लागो न लागो, त्याचं कर्ज बेटाच्या नावावर. असे दोन आकडे तू जीडीपीने भागलेस. पैसा बेटावर थांबतच नाही, तर बेटाच्या उत्पन्नाने भागून हाती काय लागलं?

मार्च २०१३मध्ये सायप्रसच्या बँकांना टाळं लागलं होतं आणि आमच्या साहेबांना दुपारपर्यंत 'बेटांची क्रमवारी' हवी होती. मी दिली. धनको कोण, बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी चूक कळली तेव्हा गप्प बसलो. घराचे हप्ते चालू होते. आणि खरं सांगायचं तर कौतुकही झालं होतं. पुढे तशीच मागणी पुन्हा आली तेव्हा साफ नकार दिला. बढती हुकली, 'हट्टी' हे नाव पडलं. पडू दे. त्या वेळी मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन. पहिल्या वेळचं मात्र अजून सलतं.

उणे आकडा परत घाल. आलेलं कर्ज आणि दिलेलं कर्ज वेगवेगळ्या रकान्यांत मांड. भारतात इतकं दिलं असं मॉरिशस सांगतं. भारत तितकंच आलं म्हणतो का, तेही ताडून बघ. जुळणार नाही. का जुळत नाही, ते शोधून शुक्रवारी ये. तक्ता कागदावर आण, स्क्रीनवर माझे डोळे टिकत नाहीत.

तुझा,
सर