करेज्म, श्रावण आणि चाळीस

म्हापशाहून विचारणा आली आहे: शेजारचे ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधीच्या उपास-प्रार्थनेच्या दिवसांना 'करेज्म' म्हणतात तो शब्द कुठला, आणि त्या दिवसांना मराठीत 'ख्रिश्चनांचा श्रावण' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चात बातम्यांमधून हा श्रावण उगवतो आणि डोक्यात तिडीक जाते. निदान गोव्यात तरी हे सांगावं लागू नये. श्रावणात आपल्याकडे आधी मासळी बंद होते. करेज्मात मांस सोडतात, मासळी खुशाल चालते. चर्चच्या नियमाने उपास बंधनकारक असतो तो दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी, म्हणजे करेज्माच्या पहिल्या दिवशी, आणि गुड फ्रायडेला. (त्या बुधवाराला कोंकणीत 'गोबराचो बुदवार' म्हणतात. मराठी माणसाने लगेच नाक मुरडू नये, कोंकणीत गोबर म्हणजे राख.)

करेज्माला इंग्रजीत 'लेंट' म्हणतात, त्यावर वेळ घालवत नाही. जुन्या इंग्रजीत तो नुसता वसंत ऋतू. त्यात ना उपास, ना प्रार्थना.

मौज आहे ती करेज्मात. हा पोर्तुगीज 'क्वारेज्मा', आणि त्यामागे लॅटिन 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे चाळिसावा. आता लॅटिनमधलं चाळीस, 'क्वाद्रागिंता', आणि संस्कृत 'चत्वारिंशत्' शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा. मूळ एकच! चत्वारिंशत् झिजत झिजत आपलं 'चाळीस' झालं. म्हणजे गलबतातून उतरलेला करेज्म आणि घरचा चाळीस हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत, आणि गेली काही शतकं गोव्यात एकाच वाड्यावर राहून एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

एका विद्वानांनी मध्यंतरी करेज्म हा 'कृच्छ्र' व्रताचा अपभ्रंश ठरवला. टाळ्याही मिळाल्या. पोर्तुगीजात म-च्या आधीचा स घोष होतो, म्हणजे त्यात कंठाचा नाद मिसळतो, म्हणून लिहिताना स असला तरी कानावर ज-झ पडतो आणि कोंकणीने तोच उचलला. कृच्छ्रातून हा ज कसा निघतो ते त्यांनी दाखवावं, मग पुढचं बोलू. प्रत्येक परका शब्द संस्कृतात बुडवून काढायची ही खोड कधी जाणार कोण जाणे.

शिवाय कृच्छ्र म्हटलं की देहदंड डोळ्यांपुढे येतो, आणि तिथेच अर्थ हुकतो. येशू वाळवंटात ४० दिवस होता, मोशे सिनाय पर्वतावर ४० दिवस, इस्राएल लोक रानात ४० वर्षं. बायबलात चाळीस म्हणजे नव्याच्या आधीची कसोटी. जुन्या काळी ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी याच दिवसांत चाले; आधीच बाप्तिस्मा झालेल्यांनी या दिवसांत पापांचा पश्चात्ताप करून देवाकडे परतायचं. प्रार्थना आणि दानधर्म वगळून नुसतं पोट उपाशी ठेवलं तर तो करेज्म नव्हे. आणि बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजून ४६ भरतात म्हणून कोणी पत्र पाठवू नये. मधले ६ रविवार पुनरुत्थानाचे, ते उपासात धरत नाहीत.

मराठी चर्चमध्ये 'उपवासकाळ' आणि 'प्रायश्चित्तकाळ' हे दोन्ही शब्द चालतात. पहिला मला तोकडा वाटतो, दुसरा बरा. हिंदीभाषक कॅथलिक 'चालीसा' म्हणतात, त्यांचा मला हेवा वाटतो. पण म्हापशात राहून शेजाऱ्यांशी बोलायचं असेल तर मराठीतही करेज्मच म्हणा.